निमिषाचा हिशेब

घटका, पळ आणि विपळ ही कालगणनेची आपली जुनी मापे. एका घटकेची साठ पळे आणि एका पळाची साठ विपळे. आजच्या मापाने पाहिले, तर घटका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचे होते. विपळ मात्र सेकंदाच्या दोन पंचमांशाएवढेच भरते. घटका मोजण्यासाठी पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र असे. विपळ मोजण्याची पाळी पंचांगकर्त्यांखेरीज कोणावर सहसा येत नसे. पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्याशा वेळाचा हिशेब ठेवतो कोण? तथापि केवळ दोन विपळांच्या फरकापायी एका तरुणाला आपली नोकरी गमवावी लागली, आणि त्या घटनेतूनच पुढे माणसाच्या मनाचा वेग मोजण्याची वाट सापडली.

लंडनजवळ ग्रिनिच येथे इंग्लंडची शाही वेधशाळा होती. जहाजांना भर समुद्रात आपले स्थान ओळखता यावे, म्हणून ताऱ्यांच्या स्थानांची अचूक नोंद करणे हे तेथील मुख्य काम. अठराव्या शतकाच्या अखेरीस नेव्हिल मॅस्कलिन हे विद्वान ज्योतिर्विद तिचे प्रमुख होते. १७९४ साली डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून रुजू झाला. रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसायचे आणि दुर्बिणीत ताणलेल्या बारीक उभ्या धाग्यांवरून एखादा तारा नेमक्या कोणत्या क्षणी जातो, हे टिपायचे, असे त्याचे काम होते. क्षण कळायचा तो जवळच्या लंबकाच्या घड्याळावरून. निरीक्षकाने आधी घड्याळात पाहून सेकंद लक्षात घ्यावा, मग डोळा दुर्बिणीकडे वळवावा आणि कानांनी ठोके मोजीत राहावे. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे कोठे होता, पुढच्या ठोक्याला तो पलीकडे कोठे गेला, हे मनात धरून त्या दोन अंतरांवरून सेकंदाचा दहावा भाग ठरवायचा. डोळा एका कामात, कान दुसऱ्या कामात, आणि मनाने दोहोंची सांगड घालायची, अशी ही मोठी कष्टाची पद्धत होती.

प्रथम किनेब्रुकच्या नोंदी मॅस्कलिन यांच्या नोंदींशी बरोबर जुळत असत. परंतु १७९५ च्या ऑगस्टपासून त्या अर्ध्या सेकंदाने उशिराच्या येऊ लागल्या. मॅस्कलिन यांनी त्याला समज दिली. त्याने कसून प्रयत्न केला. पण फरक कमी होण्याऐवजी वाढला, आणि १७९६ च्या जानेवारीत तो सेकंदाच्या आठ दशांशांवर, म्हणजे बरोबर दोन विपळांवर, जाऊन पोहोचला. आठ दशांश सेकंद ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती फिरताना विषुववृत्तावरील जागा सुमारे ३७० मीटर पुढे सरकलेली असते. साहाय्यकाने कामाची काही चुकीची रीत अंगी लावून घेतली आहे, असे ठरवून मॅस्कलिन यांनी नाइलाजाने त्याला कामावरून दूर केले आणि हा प्रकार वेधशाळेच्या छापील नोंदींत लिहून ठेवला. किनेब्रुक पुढे १८०२ साली, ऐन तारुण्यात मरण पावला. आपल्या हातून काय चुकले हे त्याला अखेरपर्यंत उमगले असेल, असे दिसत नाही.

मॅस्कलिन यांना कठोर म्हणणे सोपे आहे. पण दोन माणसांच्या नोंदींत फरक पडला म्हणजे त्यांपैकी एकजण चुकला, अशीच त्या काळी सर्वांची समजूत होती. ती समजूत खोडून काढली जर्मन ज्योतिर्विद फ्रीडरिक बेसेल यांनी. कोनिग्सबर्गच्या वेधशाळेचे हे प्रमुख अत्यंत काटेकोर निरीक्षक म्हणून प्रसिद्ध होते. किनेब्रुकची हकिकत वाचल्यावर त्यांच्या मनात एक शंका आली. तो तरुण आळशी नव्हता, निष्काळजीही नव्हता. मग त्याची चूक नेहमी एकाच बाजूला आणि जवळजवळ सारखीच का होत होती? १८२० नंतरच्या काही वर्षांत बेसेल यांनी स्वतःची निरीक्षणे इतर नामांकित ज्योतिर्विदांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली. तेव्हा असे आढळले, की ज्यांच्या कौशल्याविषयी कोणी शंकाही घेतली नसती, अशा दोन निरीक्षकांमध्येही एका सेकंदाहून अधिक फरक पडतो! म्हणजे किनेब्रुकच्या फरकाहूनही मोठा. प्रत्येक माणसाचे पाहणे, ऐकणे आणि त्यांचा मेळ घालणे यांना स्वतःचा असा वेळ लागतो, हे यावरून उघड झाले. या फरकाला ज्योतिर्विदांनी ‘वैयक्तिक समीकरण’ असे नाव दिले आणि तो हिशेबात धरून नोंदी सुधारण्यास आरंभ केला. किनेब्रुकला न्याय मिळाला. पण तो मिळाला त्याच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी.

डोळ्यांना दिसले आणि हात हलला, या दोहोंच्या मध्ये काय घडते, हा खरा प्रश्न यापुढे उभा राहिला. संवेदना मज्जातंतूंतून मेंदूकडे विजेसारखी क्षणात जाते, तिचा वेग मोजणे मनुष्याला शक्य नाही, असे मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानीत. योगायोग असा, की त्याच कोनिग्सबर्ग नगरात १८५० च्या सुमारास हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायातील मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. माणसाच्या शरीरातील सर्वांत जलद तंतू यापेक्षा बरेच वेगवान असतात, हे आता ठाऊक आहे. परंतु विजेच्या वेगापुढे तेही गोगलगाईसारखेच म्हणावे लागतील. तंतूंतून जाण्याचा वेळ मोजता येतो, तर विचार करण्याचा वेळ का मोजता येऊ नये?

हा प्रश्न हॉलंडमधील उट्रेख्ट येथील प्राध्यापक फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांनी हाती घेतला. ते नेत्रवैद्य होते. त्यांची युक्ती इतकी साधी होती, की ती आधी कोणाला सुचू नये याचे नवल वाटते. माणसाच्या पायाला विजेचा अगदी सौम्य झटका द्यायचा आणि तो जाणवताच त्याने त्या बाजूच्या हाताने खूण करायची. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी सांगून ठेवले, तर एक वेळ मिळतो. सांगितले नाही, तर डावा की उजवा हे ओळखून योग्य तो हात निवडावा लागतो आणि वेळ वाढतो. झटका तोच, पाय तोच, हातही तोच. मग वाढलेला वेळ हा केवळ ओळखण्याचा आणि निवडण्याचा असला पाहिजे. तो त्यांना सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाएवढा आढळला. १८६८ साली डोंडर्स यांनी आपले हे संशोधन प्रसिद्ध केले. मनातल्या मनात होणाऱ्या एका निवडीला काळाच्या मापाने मोजण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

या प्रकारचा प्रयोग घरी करून पाहण्यास यंत्राची गरज नाही. तीस सेंटिमीटरची एक पट्टी पुरे. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने आपला अंगठा व तर्जनी पट्टीच्या शून्याच्या खुणेजवळ, पण पट्टीला स्पर्श न करता, उघडी ठेवावीत. पहिल्याने सूचना न देता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. पट्टी ११ सेंटिमीटर घसरली असेल तर सेकंदाचे १५ शतांश, २० सेंटिमीटर घसरली असेल तर सुमारे २० शतांश, आणि ३० सेंटिमीटरची सगळी पट्टी हातून निसटली तर २५ शतांशांइतका किंवा त्याहून अधिक वेळ गेला, असे समजावे. एका प्रयत्नावर भरवसा ठेवू नये. दहा वेळा करून सरासरी काढावी. मग दोन पट्ट्या घ्याव्यात, एक डाव्या हातासाठी व एक उजव्या हातासाठी, आणि सोडणाऱ्याने त्यांतील कोणतीही एकच सोडावी. जी पडेल तीच पकडायची, दुसरी चिमटी हलता कामा नये. आता पट्टी निसटण्याचे प्रसंग किती वाढतात ते पाहावे. बोटांचा चपळपणा तोच आहे. भर पडली आहे ती केवळ एका निवडीची. कबड्डीत चढाई करणारा कसलेला गडी डावीकडे झुकून उजवीकडे पाय टाकतो, तेव्हा तो समोरच्या गड्यावर हाच भार टाकीत असतो.

येथे दोनच गोष्टी होत्या. चार असल्या तर? आठ असल्या तर? जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली होती. तेथील युलिउस मेर्केल यांनी १८८५ साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. समोर एक अंक दिसायचा आणि त्या अंकाला नेमून दिलेले बोट उचलायचे. एका हाताच्या बोटांना नेहमीचे अंक आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना रोमन अंक, अशी वाटणी होती. एकच अंक येणार हे ठाऊक असताना सेकंदाचे १८७ सहस्रांश लागले. दोहोंपैकी एक येणार असेल तर ३१६, चार असतील तर ४३४, आठ असतील तर ६०३ आणि दहाही बोटे कामाला लावली तर ६२२ सहस्रांश. हे आकडे बारकाईने पाहिले, म्हणजे एक चमत्कार दिसतो. गोष्टी दसपट झाल्या, पण वेळ दसपट झाला नाही. तो साडेतीनपटीच्याही आतच राहिला. एकाचे दोन झाल्याने वेळ जितका वाढला, जवळजवळ तितकाच दोनाचे चार झाल्याने वाढला. पाच, सहा, सात अशा एकेका गोष्टीने पडणारी भर मात्र उत्तरोत्तर लहान होत गेली.

असे का व्हावे, याचा उलगडा व्हायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली. १९५२ साली केंब्रिज येथील विल्यम एडमंड हिक यांनी दहा छोटे दिवे आणि दहा कळी घेऊन तोच प्रयोग नव्याने केला. दुसऱ्या वर्षी अमेरिकेत रे हायमन यांनी त्याला बळकटी देणारे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे एका खेळावरून सहज समजेल. एकाने मनात एक वस्तू धरावी आणि दुसऱ्याने ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळेल असे प्रश्न विचारून ती ओळखावी. दोन वस्तूंपैकी एक धरली असेल तर एक प्रश्न पुरतो. चार असतील तर दोन. कारण पहिल्या प्रश्नाने निम्म्या वस्तू बाद होतात. आठ असतील तर तीन आणि सोळा असतील तर चार. वस्तू दुप्पट झाल्या, की प्रश्न एकानेच वाढतो. आपले मनही जणू असेच प्रश्न विचारीत जाते आणि प्रत्येक प्रश्नाला साधारण सारखाच वेळ घेते. गणितात या प्रकारच्या वाढीला लघुगणकाचा नियम म्हणतात. मानसशास्त्रात तो हिक व हायमन यांच्या नावाने ओळखला जातो.

अर्थात नियम झाला तरी तो सवयीपुढे नमतो. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच माणसाकडून चाळीस हजारांहून अधिक वेळा हे काम करून घेतले, तेव्हा अखेरीस त्याला दोन दिव्यांना जेवढा वेळ लागे तेवढाच चार दिव्यांना लागू लागला. त्याच वर्षी असेही दिसून आले, की दिव्याऐवजी बोटाखालची कळच थरथरली आणि ज्या बोटाला थरथर जाणवली तेच दाबायचे असले, तर दोन काय नि आठ काय, वेळ सारखाच राहतो. जेथे खूण आणि कृती यांचे नाते स्वाभाविक असते, तेथे मनाला प्रश्न विचारीत बसावे लागत नाही. पेटी शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यात प्रत्येक स्वरापाशी अडखळतो आणि वर्षभराने त्याची बोटे आपोआप पडू लागतात, तेही असेच.

आतापर्यंतच्या वर्णनावरून असे वाटेल, की डोळ्यांपुढे जितक्या गोष्टी अधिक, तितका माणूस मंद. पण हे पूर्ण सत्य नव्हे. अनेक खुणा जेव्हा एकच गोष्ट सांगत असतात, तेव्हा उलट प्रकार घडतो. १९१२ साली जॉन टॉड या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले, की प्रकाश व आवाज दोन्ही एकदम मिळाले, तर केवळ एक मिळाला असता त्याहून माणूस लवकर प्रतिसाद देतो. डाव्या बाजूला एक ठिपका उमटला आणि उजव्या बाजूला तसाच दुसरा उमटला, आणि ‘ठिपका दिसताच कळ दाबा’ एवढीच आज्ञा असली, तरी असेच होते. याचे कारण काय असावे? एखाद्या सेनापतीने एकच निरोप दोन जासुदांच्या हाती देऊन त्यांना वेगवेगळ्या वाटांनी पाठविले, अशी कल्पना करा. कधी पहिला आधी पोहोचेल, कधी दुसरा. पण गडावर निरोप कळतो तो जो आधी येईल त्याच्याकडून. म्हणून सरासरीने पाहता निरोप एकट्या जासुदापेक्षा लवकर मिळतो. दोघांपैकी कोणाचाही घोडा अधिक वेगाने धावलेला नसतो. १९६२ साली डेव्हिड राब यांनी हे स्पष्टीकरण मांडले. मात्र १९८२ साली जेफ मिलर यांनी हिशेब करून दाखविले, की कित्येकदा प्रतिसाद या शर्यतीने मिळू शकेल त्याहूनही जलद येतो. म्हणजे दोन जासूद वाटेत कोठेतरी एकत्र येऊन एकमेकांना हात देत असले पाहिजेत.

तेव्हा गोष्टी किती आहेत एवढेच पाहून भागत नाही. त्या मनाला एक काम देतात की अनेक, हे पाहावे लागते. अनेक कामांचा प्रश्न आला, म्हणजे आपण अवधानाच्या प्रांतात शिरतो.

अवधान एका वेळी किती गोष्टी कवेत घेऊ शकते, हे पाहण्यासाठी स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने एक घरगुती प्रयोग केला आणि १८७१ साली तो प्रसिद्ध केला. काळ्या तबकाच्या मध्यभागी आतून पांढरी असलेली एक कागदी पेटी ठेवायची, तिच्या दिशेने मूठभर काळे घेवड्याचे दाणे फेकायचे आणि पेटीत पडलेले दाणे न मोजता, एका दृष्टिक्षेपात किती ते सांगायचे. हा उद्योग या गृहस्थाने एकट्याने हजाराहून अधिक वेळा केला! तीन किंवा चार दाणे असताना तो एकदाही चुकला नाही. पाच असताना शंभरात सुमारे पाच वेळा चुकला. दाणे वाढत गेले तसतशा चुकाही वाढत गेल्या. चिंचोके घेऊन कोणालाही हा प्रयोग करता येईल. चारपर्यंतची संख्या दिसते आणि त्यापुढची मोजावी लागते, हा अनुभव बहुतेकांना येईल. असेच काहीसे हलत्या गोष्टींच्या बाबतीतही आढळते. १९८८ साली कॅनडातील झेनॉन पिलिशिन व रॉन स्टॉर्म यांनी पडद्यावर अगदी एकसारख्या दहा फुल्या इकडेतिकडे फिरत ठेवल्या आणि त्यांतील ठरावीक फुल्यांवर नजर ठेवण्यास लोकांना सांगितले. चारांवर लक्ष ठेवणे बहुतेकांना जमते. त्यापुढे गोंधळ वाढत जातो.

शोधण्याचे कामही मोठे मजेशीर आहे. ताटात तांदूळ पसरून निवडायला घेतले, म्हणजे त्यातला काळा खडा डोळ्यांत आपण होऊन भरतो. ताटात वाटीभर तांदूळ असोत की शेरभर, त्या खड्याला काही फरक पडत नाही. पण पांढरा, तांदळाच्याच आकाराचा खडा असला, की बोटाने दाणे सारीत सारीत जावे लागते आणि तांदूळ जितके जास्त तितका वेळ जास्त. अ‍ॅन ट्रीझमन व गॅरी गेलेड यांनी १९८० साली या भेदाचे नीट मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांनी अक्षरे वापरली. तपकिरी व हिरव्या अक्षरांत एखादे निळे अक्षर असले, तर ते पाच अक्षरांत जितक्या लवकर सापडे जवळजवळ तितक्याच लवकर तीस अक्षरांतही सापडे. परंतु शोधायचे अक्षर रंगाने काही अक्षरांसारखे आणि आकाराने दुसऱ्या काही अक्षरांसारखे असले, म्हणजे रंग व आकार यांची जोडीच काय ती वेगळी असली, तर प्रत्येक अधिक अक्षरामागे सुमारे २९ सहस्रांश सेकंद वाढू लागले. आणि ते अक्षर तेथे मुळीच नसले, तर ही वाढ दुपटीहून अधिक होई. हे स्वाभाविकच होते. असलेली वस्तू सरासरीने निम्मा शोध झाल्यावर मिळते, तर नसलेल्या वस्तूसाठी सगळे धुंडाळावे लागते.

अवधान एकीकडे खिळले, की दुसरीकडे काय होते? १९९९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल सायमन्स व क्रिस्टोफर शाब्री यांनी केलेला प्रयोग यासाठी जगप्रसिद्ध आहे. पडद्यावर पांढरे व काळे सदरे घातलेल्या खेळाडूंचे दोन संघ एकमेकांत मिसळून चेंडू टाकीत होते. पाहणाऱ्यांनी एका संघाने चेंडू किती वेळा टाकला ते मोजायचे होते. मध्येच गोरिलाचा पोशाख केलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! त्यांचे डोळे उघडे होते, प्रकाश भरपूर होता आणि गोरिला काही उंदराएवढा नव्हता. पण मोजण्याच्या कामाने अवधानाची ओंजळ भरून गेली होती.

यावर कोणी म्हणेल, की मग शतावधानी लोक शंभर गोष्टींकडे एकदम लक्ष कसे देतात? तेलुगू व कन्नड प्रदेशांत आजही अवधानाचे प्रयोग होतात, आणि ते पाहून थक्क व्हायला होते. परंतु तेथे शंभर प्रश्न एका क्षणी विचारले जात नाहीत; ते एकामागून एक येतात. अवधानी प्रत्येक प्रश्नाला क्रमाने सामोरा जातो आणि अर्धवट राहिलेले उत्तर स्मरणात जपून योग्य वेळी पुढे चालवितो. ही सिद्धी स्मरणाची आणि लक्ष चटकन एकीकडून दुसरीकडे नेण्याची आहे. साध्या कामांतही हीच अडचण येते. एका खुणेला उत्तर देत असतानाच दुसरी खूण मिळाली, तर दुसरीचे उत्तर मागे पडते, असे चार्ल्स टेलफर्ड यांनी १९३१ साली दाखविले होते. मनाच्या दारातून जणू एकावेळी एकच माणूस आत जातो आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते.

प्रयोगशाळेतील हे सेकंदाचे अंश रस्त्यावर आले, की त्यांची किंमत एकदम वाढते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. चालकाला समोरचे संकट कळून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडीचा वेग तसूभरही कमी झालेला नसतो. त्याच वेळी तो हातातल्या दूरध्वनीवर बोलत असेल, तर दुसरी खूण उंबऱ्याबाहेर तिष्ठत राहते, आणि तेवढ्यात गाडी आणखी काही मीटर पुढे जाते.

मोटारीच्या मागच्या बाजूस लाल दिवे असतात. रात्री ते मंद जळत असतात आणि ब्रेक दाबताच प्रखर होतात. म्हणजे मागून येणाऱ्याने लाल दिवा पाहायचा आणि तो मंद आहे की प्रखर हे ओळखायचे. डोंडर्स यांनी मोजलेली निवड येथेही आलीच. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉन व्होवोड्स्की यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरातील भाड्याच्या मोटारींना मागे मध्यभागी आणखी एक दिवा बसवून पाहिला. तो एरवी विझलेला असे आणि ब्रेक दाबल्यावरच लागे. त्यामुळे त्याचा अर्थ एकच होता, आणि खालच्या दोन दिव्यांच्या जोडीला तोही तोच निरोप देई. त्या मोटारींना मागून बसणाऱ्या धडकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पुढे १९८६ सालच्या नमुन्यापासून तेथील सर्व नव्या मोटारींना असा उंचावरचा तिसरा दिवा सक्तीचा झाला.

पण देशभर हा दिवा दिसू लागल्यावर लाभ तितका राहिला नाही. १९८७ साली अशा धडका सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी आढळल्या, आणि पुढील काही वर्षांत हे प्रमाण उतरत उतरत ४.३ टक्क्यांवर स्थिरावले. दिवा तोच, जागा तीच, चालकांचे डोळेही तेच. नव्या वस्तूकडे अवधान धाव घेते आणि ती नित्याची झाली, की ते मागे सरते. व्होवोड्स्कींच्या मोटारी शहरातील इतर गाड्यांहून वेगळ्या दिसत होत्या, हा त्यांना मिळालेला जास्तीचा लाभ होता. तो ओसरल्यावर जे ४.३ टक्के उरले, ते एकच अर्थ असलेल्या दिव्याने वाचविलेल्या वेळाचे फळ म्हणता येईल. त्या मोठ्या देशात ४.३ टक्के म्हणजे दरवर्षी टळणारे हजारो अपघात होत.